अण्णांचा बॉम्बचा खेळ

अण्णांचा, म्हणजे माझ्या वडलांचा, उजवा हात लकव्यानं गेला. डॉक्टर म्हणाले, बोटं हलवत राहिलात तरच हात परत येईल, नाहीतर विसरा. सांगायला काय जातंय! दिंद्रुडच्या शाळेत शिकवून मी खच्चून भरलेल्या जीपनं केजला घरी येते, तेव्हा माझेच हातपाय माझे नसतात. त्यात अण्णा रबरी चेंडू दाबायला तयार नाहीत. "ल्हान पोर हाय का मी?" म्हणून चेंडू पलंगाखाली भिरकावतात, तोही डाव्या हातानं.

मग मला बॉम्बचा खेळ आठवला.

अण्णा तहसील कचेरीत कारकून होते. कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हा माऊसवर हात बसावा म्हणून साहेबांनीच सगळ्यांना तो खेळ खेळायला सांगितला होता. करड्या चौकटी. एक दाबली की आकडा निघायचा, आणि शेजारच्या चौकटींत किती बॉम्ब लपलेत ते त्यावरून ओळखायचं. सुट्टीच्या दिवशी उरलेलं काम उरकायला अण्णा जायचे, मला सोबत न्यायचे. चपला दाराबाहेर. आत पडदे ओढलेले, कॉम्प्युटरच्या अंगावर झालरीचं कापड. काम झालं की एकच डाव, मग घर.

आणि अण्णांनी मला सांगून ठेवलं होतं, की बॉम्ब फुटला तर आतले सगळे सातबारे उडणार. अख्ख्या तालुक्याची जमीन! त्यामुळे एकेका चौकटीला ते जीव जाईस्तोवर वेळ लावायचे. "थांब, थांब. इच्चार करू दे." मी टेबलाला हनुवटी टेकून आकडे जुळवायची. "अण्णा, ही दाबा," म्हटलं तर म्हणायचे, "आन् उडालं म्हंजी? कलेक्टरला तू सांगशील का?" मला ते इतकं खरं वाटायचं की मी श्वास रोखून बसायची. तसं सुख पुन्हा मिळालं नाही, सरळच सांगते.

तर परवा तो खेळ मी मोबाईलवर घेतला. मधेमधे जाहिराती येतात मेल्या. अण्णांचं उजवं बोट उचलून काचेवर ठेवलं. त्यांनी लगेच ओळखला, डोळ्यांतून हसले. पण दाबेनात. नुसते बघत बसले. इकडे कणीक मळायची राहिलेली, शाळेची ऑनलाइन माहिती भरायची राहिलेली. माझं डोकंच फिरलं.

"अहो अण्णा, दाबा ना! काही उडत नसतंय त्यानं! इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नाही का तुम्हाला?"

"ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं व्हतं, बाई."

"मग कावून इतका वेळ लावत होता?"

"डाव संपला की तू घरी पळायचीस. घरी गेल्यावर तुझ्या मैत्रिणी, तुझी आई. मग माझ्याजवळ कोण बसतंय?" त्यांनी डोळे मिटून घेतले. "आताबी दाबलं की तू उठणार."

मी तिथंच त्यांच्या पलंगाला टेकून बसले. कणीक तशीच राहिली. त्या दिवशी बोट हललं नाही, आणि मीही पुन्हा दाबा म्हणाले नाही.