गारुफालियाच्या भट्टीतला चपटा पाव

ग्रीसच्या एजिना बेटावर गारुफालियाला तिच्या नावाने कुणी हाक मारत नसे. ती भट्टीवाली मावशी. बंदरामागे निर्वासितांच्या झोपड्या होत्या, त्यांच्या टोकाला तिची मातीची भट्टी. बायका मळलेलं पीठ घेऊन येत, आपापल्या पावावर बोटाने खूण करत, आणि वर मावशीच्या शिव्या खात. कणीक नीट मळली नसली की ती म्हणे, "बये, नवऱ्यावरचा राग पिठावर काढ की जरा! तेवढंच मऊ होईल."

ती मूळची प्सारा बेटाची. तीन वर्षांपूर्वी, स्वातंत्र्याच्या लढाईत, तुर्कांनी प्सारा जाळलं तेव्हा कुणी देवाची तसबीर उचलली, कुणी दागिने. हिने काय उचललं असेल? खमिराचा गोळा! ओल्या फडक्यात बांधून पोलक्यात कोंबला, एका हाताने मुलाला आणि दुसऱ्याने सुनेला ओढत होडीत शिरली. तिच्या सासूच्या सासूपासून चालत आलेलं खमीर ते. रोज त्यातून मूठभर बाजूला काढायचं, उरलेल्याने पाव आंबवायचा. दर सप्टेंबरात क्रुसाच्या सणाला ते देवळात न्यायचं, तुळस लावून आणायचं. पोट रिकामं राहिलं तरी खमीर उपाशी ठेवायचं नाही, हा तिचा नेम. तो नेम तिने एजिनातही मोडला नाही.

मुलगा मात्र राहिला नाही. अठराशे सत्तावीसच्या वसंतात अथेन्सखालच्या लढाईत तो पडला. दोन महिन्यांनी सून लेमोनिया बाळंत झाली. मुलगी झाली, आणि अथेन्सही त्याच सुमारास पडलं. निर्वासितांचे लोंढे बेटावर आले, गहू दिसेनासा झाला. ऑगस्ट उजाडला तोवर लेमोनियाचं दूध आटत आलं होतं. पोर रडायचीसुद्धा थांबली. रडणारं पोर परवडतं हो, गप्प झालेलं नाही.

अशात अमेरिकेहून एक जहाज आलं. सोबत मोडकंतोडकं ग्रीक बोलणारा एक डॉक्टर, आणि पिवळ्या पिठाची पिंपं. पीठ बायकांना आणि पोरांना वाटायचं, बंदूकवाल्यांना चिमूटभरही नाही, असं त्याने बंदरावर बजावलं. गारुफालियाने पहिली पाटी भरून आणली. नेहमीसारखं खमीर घातलं, घोंगडीखाली झाकलं आणि वाट पाहिली. सकाळी पीठ होतं तिथेच. भाजलं तर चपटं, वर तडे गेलेले. चाळीस वर्षांत त्या खमिराने तिला तोंडघशी पाडलं नव्हतं. तिने छातीवर क्रूस केला आणि सगळ्या बायकांसमोर बोलून गेली, "ह्या पिठात काहीतरी आहे गं बाई!"

झालं. मावशीचं वाक्य दुपारपर्यंत बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात पोचलं.

त्या दुकानात दोन पक्ष बसत. एक कॅप्टन याकूमिसचा, रूसवाल्यांचा, म्हणजे रशियाच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्यांचा. याकूमिसचं जहाज बुडालेलं होतं, पण आवाज तसाच होता. "अरे, फुगत नाही म्हणजे बिनखमिराचं! आपल्या देवळात खमिराचाच पाव चालतो, बिनखमिराचा तो पोपवाल्यांचा! आज पोटात पीठ घालतील, उद्या डोक्यात पोप. आपला सोयरा एकच, रूस. त्याचा क्रूस तोच आपला क्रूस. त्याची जहाजं येऊ द्या."

"सहा वर्षं येतायत तुझी जहाजं," फोतिनोस मास्तर म्हणाले. ते इंग्रजवाले. "वाटेत मासे पकडत बसलीत वाटतं! मी म्हणतो अर्ज करा, इंग्रजांच्या छत्राखाली जाऊ."

"इंग्रज छत्री देतो, मास्तर, आणि पाऊस आला की परत मागतो!"

"आणि ह्या अमेरिकेला आपल्याकडून काय हवंय?" कुणीतरी मध्येच विचारलं. त्यावर दोन्ही पक्ष आणखीच ओरडले. बोलाचीच कढी अन् बोलाचाच भात. दोन दिवस हे चाललं आणि पिंपांना कुणी हात लावला नाही. डॉक्टर वैतागला. परवा दुपारपर्यंत कुणी नेलं नाही तर पिंपं शेजारच्या पोरोस बेटावर जातील, म्हणाला.

लेमोनियाने तर त्या पावापुढे तोंडच मिटून घेतलं होतं. "माझा नवरा धर्मासाठी मेला. मी पोपवाल्यांचं खाऊ? सासूबाई, तुम्हीच म्हणालात ना, ह्यात काहीतरी आहे म्हणून?"

आपल्याच जिभेने आपल्याच नातीच्या तोंडचं दूध तोडलं, हे गारुफालियाला कळलं आणि ती भट्टीपाशी जाऊन रडली.

तिथे रुमेलीची एक म्हातारी टेकून बसली होती, डोंगराकडची. तिने चपटा पाव उचलला, वास घेतला आणि चक्क खाल्ला. "रडतेस कशाला? मका आहे हा. आमच्याकडे जन्म गेला ह्याच्यावर. मका कधी फुगत नाही, बाई. फक्त पाणी कढत घे."

"फुगतच नाही?"

"तुमच्या बेटावर मका नाही, त्यात मक्याचा काय दोष?"

चाळीस वर्षं भट्टी फुंकली आणि अक्कल कच्चीच राहिली, असं स्वतःला म्हणत गारुफालिया तडक दुकानात गेली. माझं चुकलं, मका फुगतच नसतो, असं तिने सगळ्यांसमोर सांगितलं. याकूमिस हसला. "परवा एक, आज दुसरं! मावशी, तूही पक्ष बदललास की काय?" कोपऱ्यात देवळाचे पाद्री, पापा अनेस्तिस बसले होते. माणूस भला, पण भित्रा. ते म्हणाले, "मावशी, फुगलं नाही म्हणजे खमीर नाही. मी कसं हो म्हणू?" आणि लेमोनियाचं तर एकच पालुपद, पापा म्हणाले तरच खाईन.

"बरं," गारुफालिया म्हणाली. "उद्या बघू."

घरी येऊन तिने मोठी परात काढली. कढत पाण्यात मका भिजवला. खमिराचा गोळा हातात घेतला. गव्हाविना तो आक्रसून अंड्याएवढा झाला होता. निम्मा घातला तर सकाळपर्यंत एवढं पीठ आंबणार नाही, हे तिला वासावरूनच कळत होतं. तिने घटकाभर तो हातात धरला. मग सगळाच्या सगळा परातीत टाकला. मूठभर बाजूला काढलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा. लेमोनिया पोरीला मांडीवर घेऊन बघत होती, तिने "अहो!" म्हटलं.

सकाळी द्राक्षाच्या पानांवर पाव भाजून गारुफालियाने ते गरम गरम नेले आणि पापांच्या पुढ्यात ठेवले.

"चपटाच आहे की," याकूमिस म्हणाला.

"डोळ्यांनी खातोस का रे तू? पापा, चावा. माझं प्साराचं खमीर आहे ह्यात, होतं नव्हतं ते सगळं. जिभेला विचारा."

पापांनी तुकडा मोडला. सावकाश चावला. "आंबट आहे," ते म्हणाले.

"बिनखमिराचं आंबट असतं का कधी?"

"आंबट तर द्राक्षंही असतात!" याकूमिस ओरडला.

"तुझ्या नरड्यात रोज त्याच द्राक्षांची जाते ती काय न आंबताच चढते?"

दुकान हसून लोटपोट झालं. इंग्रजवाले हसले, रूसवालेही हसले. गारुफालिया मात्र हसली नाही. "ऐका. रूस आला तर त्याला पाहुण्याचं पाव-मीठ देईन. इंग्रज आला तर त्यालाही देईन. पण ते येतील तेव्हा दार उघडायला घरात कुणी जिवंत नको का? पापा, माझी नात कित्येक दिवस रडलेली नाही. तुम्ही आत्ता चला. भ्यायचं असेल तर नंतर भ्या."

पापा उठले. टोपी नीट केली, पाव कुशीत घेतला आणि भर बंदरातून झोपड्यांकडे निघाले. मागे अर्धं दुकान. लेमोनियापुढे त्यांनी तुकडा मोडला, त्यावर क्रूस केला, आधी स्वतः खाल्ला. "खा, पोरी. हा आपलाच पाव आहे."

ती खाऊ लागली ती थांबेचना. भुगा पोरीच्या अंगावर सांडत होता. दुपारी पिंपांपाशी रांग लागली, आणि याकूमिसची बायको त्यात तिसरी होती. चौथ्या दिवशी पहाटे पोर भोकाड पसरून रडली आणि गारुफालियाने सगळ्या शेजाराला उठवून ते ऐकवलं.

सप्टेंबरात क्रुसाचा सण आला. बायका आपापलं खमीर झाकून देवळात निघाल्या. गारुफालिया रिकाम्या हाताने मागे चालली होती. इतक्या पिढ्या चालत आलेलं आपल्या हातून संपलं, हे तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

देवळाच्या दारात लेमोनियाने पोरीला तिच्याकडे दिलं, पोलक्यात हात घातला आणि ओल्या फडक्यातला एक पिवळट गोळा बाहेर काढला.

"हे कुठलं?"

"त्या संध्याकाळी तुम्ही कालवून पाणी आणायला गेलात ना, तेव्हा परातीतून चिमूटभर काढलं. रोज माझ्या वाटणीतलं पीठ घालतेय."

"तेव्हा तर तू ते खायलाही तयार नव्हतीस!"

"खायला नव्हते," लेमोनिया म्हणाली. "पण प्साराचं होतं ना, सासूबाई."

गारुफालियाने पोरीला घट्ट धरलं. तिने आधी एक शिवी दिली, मग म्हणाली, "फडकं कोरडं पडलंय बघ. भिजव आधी."