लकव्याचा बाप

जुन्या सिनेमातले हीरो मला कधीच फारसे आवडले नाहीत. हीरोला गाणी मिळतात, मोटार मिळते, शेवटी नायिका मिळते. त्यावर पुन्हा आमच्या प्रेमाची त्याला काय गरज? माझा जीव अडकायचा बाजूच्या माणसांत. खोकणारा बाप, काळी बॅग घेऊन येणारा आणि मान हलवून परत जाणारा डॉक्टर, मालकाच्या पोराला लपवून जेवू घालणारा म्हातारा नोकर, चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारा मुनीम. ही माणसं घटकाभर पडद्यावर येतात आणि तेवढ्यात हीरोला झाकून टाकतात. घरी आल्यावर मला हीरो काय म्हणाला ते आठवायचं नाही, पण मुनीम कसा शिंकला ते आठवायचं.

हे वेड मला एकट्याला असतं तर बायकोनं ते केव्हाच सोडवलं असतं. पण तिच्या मोठ्या भावालाही ते होतं, म्हणून तिचं काही चाललं नाही. त्यांना सगळा गाव भाऊ म्हणतो, मीही भाऊच म्हणतो. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाच्या कालव्याखाली त्यांची धानाची शेती आहे. माझं गोंदियात कापडाचं दुकान. धानाचा ट्रॅक्टर मिलमध्ये रिकामा केला की भाऊ थेट माझ्या दुकानात यायचे, मी नोकराला गल्ल्यावर बसवायचो आणि आम्ही साळा-जावई जुन्या सिनेमाच्या मॅटिनीला जायचो. टॉकीज बंद पडल्या तेव्हा टीव्ही होता. पुढे दुपारी एखादा जुना सिनेमा लागला की भाऊंचा फोन यायचा, "लावलं का जवाई? तुमचा मुनीम येऊन रायला."

या नटांची नावं इथे लिहीत नाही, कारण आम्हा दोघांत ती कधी चाललीच नाहीत. सिनेमाच्या सुरुवातीच्या पाट्यांवर ती नावं घोळक्यानं यायची आणि वाचून होण्याआधी निघून जायची. आम्ही आमची नावं ठेवली होती. दमेकरी, बॅगवाला, चष्मेवाला. आणि या सगळ्यांच्या वरच्या पाटावर बसलेला, लकव्याचा बाप. तुम्ही त्याला पाहिलेलं आहे. पलंगाला खिळलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. घरात कोण कपट करतंय ते त्याला एकट्याला ठाऊक असतं आणि नेमकं त्यालाच बोलता येत नाही. तो बोट वर करतो, ओठ थरथरतात, घशातून कसाबसा एक आवाज निघतो, आणि तो शहाणा हीरो विचारतो, बाबूजी, पानी चाहिए?

या बापावर भाऊंचा फार जीव होता. ते म्हणायचे, "रडाले तं कोनालेई येते, जवाई. याले बोलता येत नाई, तरी हा बोलून रायला."

मी नकला करायला शिकलो त्या या माणसांच्या. आधी दुकानात गिऱ्हाइकांपुढे, मग लग्नांत, मग गणपतीत. खोटं कशाला सांगू, मला त्या बऱ्या जमतात, आणि जमतात हे मला जरा जास्तच ठाऊक आहे. लोकांनी हरभऱ्याच्या झाडावर चढवायचा अवकाश, मी शेंड्यावर जाऊन बसलेला असतो. सासुरवाडीच्या मंडईत तर हे दरवर्षी ठरलेलंच. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. लेकी-जावई घरी येतात, आजूबाजूच्या गावांचे पाहुणे येतात, दुपारी दुकानं, पाळणे, दंडारीचे खेळ, आणि रात्री नाटक. नाटकासाठी उभारलेल्या स्टेजवर दुपारी गावाचा छोटासा कार्यक्रम असतो. त्याची सुरुवात भाऊ करायचे. पाहुण्यांचं स्वागत, चार गमतीच्या गोष्टी, आणि शेवटी, "आता आमचे गोंद्याचे जवाई." मग मी दमेकरी करायचो, चष्मेवाला करायचो आणि लोकांनी ओरडून मागितल्यावर लकव्याचा बाप. कधी कधी भाऊ स्वतःच हीरो व्हायचे आणि मला पाणी विचारायचे.

मागच्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत भाऊ बांधावर कोसळले. लकवा. गोंदियाच्या दवाखान्यात होते तोवर मी डबा घेऊन रोज जायचो. पाय परत आला, हातही बराचसा परत आला. बोलणं आलं नाही. म्हणजे थोडं आलं असावं, पण भाऊंनी ते कुणाला ऐकवलं नाही. ओठ मिटून घेतले ते घेतलेच. कुणी भेटायला गेलं तर मान हलवायचे, हसायचे, हातानं बसा म्हणायचे. फोन वहिनी घ्यायच्या. गावात तर भाऊ बरे झाले असंच सगळे धरून चालले होते, कारण ते चालत होते, शेतावर जात होते. त्यांचा आवाज आता कसा झालाय हे वहिनींशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

त्या दिवाळीनंतर मंडईला निघालो तेव्हा गाडीत बायको म्हणाली, "या वर्षी ते नका करू. दादासमोर."

"एवढी अक्कल आहे मला," मी म्हणालो. मला रागच आला होता. ही मला समजते तरी काय, असं वाटलं, म्हणून अर्जुनी येईपर्यंत मी तिच्याशी धड बोललो नाही.

स्टेजवर त्या दिवशी स्वागत कुणी केलंच नाही. नाटक मंडळाच्या अध्यक्षांनी माइक हातात घेऊन थेट माझंच नाव पुकारलं. समोर माणसंच माणसं. पहिल्या रांगेत खुर्चीवर भाऊ, धुतलेलं पांढरं धोतर, डोक्यावर टोपी. मी दमेकरी केला, लोक हसले. बॅगवाला केला. चष्मेवाला केला तेव्हा पोरं खाली लोळायची बाकी राहिली. भाऊंकडे पाहिलं, तेही हसत होते. मला वाटलं, आजचा दिवस माझाच.

मग मागून आवाज आला, "जवाई, लकव्याचा बाप."

मी हातानं नाही नाही केलं. आणखी दोन-चार आवाज आले. मी पुन्हा नाही म्हणालो, पण ते नाही कसं होतं ते मला माहीत आहे. अजून आग्रह करा म्हणणारं होतं. तेवढ्यात माझी नजर पहिल्या रांगेकडे गेली. भाऊंची खुर्ची रिकामी होती. औषधाची वेळ झाली असेल, घरी गेले असतील, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कुणाला विचारलं नाही. विचारायला एक वाक्य पुरलं असतं. बायका बसल्या होत्या तिकडे मी मुद्दामच बघितलं नाही.

आणि मी केलं. तोंड ओढलं, हात लुळा सोडला, बोट वर केलं. त्या दिवशी ते जितकं जमलं तितकं कधी जमलं नव्हतं. का जमलं तेही सांगून टाकतो. दवाखान्यात डबा घेऊन बसायचो तेव्हा भाऊंच्या ओठाचा डावा कोपरा कसा खाली येतो, ते मी पाहिलेलं होतं. मी ते शिकायला पाहिलं नव्हतं, एवढं माझ्या बाजूनं म्हणता येईल. पण ते माझ्यात येऊन बसलं होतं, आणि टाळ्यांच्या नादात मी ते बाहेर काढलं. लोक पोट धरून हसत होते.

मी नमस्कार करून वळलो तर स्टेजच्या बाजूच्या पडद्यामागे भाऊ उभे होते. ते घरी गेलेच नव्हते. खुर्ची सोडून ते स्टेजवर यायला निघाले होते.

माझ्या अंगावरून ते पुढे गेले. माझ्याकडे पाहिलं नाही, की पाहिलं, मला सांगता येत नाही, कारण मी मान खाली घातली होती. अध्यक्षांना वाटलं साळा-जावयांचं काहीतरी ठरलेलं आहे, म्हणून त्यांनी माइक त्यांच्या हातात दिला. भाऊंनी तो दोन्ही हातांनी धरला.

"आ... आल्ल्या... पाव... पाव्न्याइचं..."

पाहुणे हसले. आधी समोरची पोरं, मग बाहेरगावचे, मग ते हसतात म्हणून आमचे गाववाले. कुणीतरी कौतुकानं ओरडलं, "भाऊ तं जवायाच्या वर करून रायले बे." त्यांचा तरी काय दोष? चार महिन्यांत भाऊंचा आवाज कुणी ऐकला नव्हता, आणि आत्ता मिनिटापूर्वी तोच आवाज मी त्यांना ऐकवला होता.

भाऊ थांबले. समोर बघत राहिले. मला वाटलं आता माइक खाली ठेवतील, निघून जातील. मला वाटलं मी पुढे जावं, माइक घ्यावा, सांगावं की थांबा, हसू नका, ही नक्कल नाही, भाऊ बोलतायत. माझे पाय हलले नाहीत. हे बोललो असतो तर मग मी काय केलं होतं, तेही सगळ्यांना कळलं असतं.

मग भाऊंनी बोट वर केलं. तोंड होतं त्याहून जास्त ओढलं, मान तिरपी केली, आणि लकव्याचा बाप पूर्ण केला. टाळ्या थांबेनात. अध्यक्षांनी दोघांना शेजारी शेजारी उभं करून नारळ दिले. फोटो काढला. त्या फोटोत भाऊ हसतायत आणि मीही हसतोय.

घरी गेल्यावर मला कुणी काही बोललं नाही. जावयाला कोण बोलणार? मंडईच्या दिवशी जावई म्हणजे घरातला देव, त्याच्या ताटात मटणाचे निवडक तुकडे पडतात. वहिनी वाढत होत्या. "घ्या ना जवाई, काऊन जेवून नाई रायले?" असं म्हणत त्यांनी अजून एक तुकडा टाकला. त्यांचे डोळे लाल होते. कुणी दोन शिव्या घातल्या असत्या तर मी सुखानं जेवलो असतो. भाऊ शेजारीच जेवत होते, ओठ मिटून.

बायको ताटावर आलीच नाही. मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो तेव्हा ती तिथे उभी होती.

"तुमाले माहीत आहे का दादा वर कायले गेला होता?" चिडली की ती माहेरचंच बोलते. "स्वागत कराले. पोळ्यापासून वहिनी त्याच्याकडून रोज बोलून घेत होती. गोठ्यात, कोनाले ऐकू नाई गेलं पायजे म्हून. एकच वाक्य. आलेल्या पाहुण्यांचं स्वागत करतो. तेवढंच त्याले सगळ्याइसमोर बोलायचं होतं. अध्यक्षालेई सांगितलं नव्हतं. आधी सांगितलं आन मंग हिंमत नाई झाली तं, म्हून."

माझ्याजवळ म्हणण्यासारखं एकच होतं, की मला माहीत नव्हतं. ते खरं होतं, पण तिनं गाडीत जे सांगितलं होतं ते मला माहीत होतं, आणि तेवढं माहीत असणं पुरेसं होतं.

त्या रात्री मी नाटकाला गेलो नाही. खाटेवर पडून माफीचे शब्द जुळवत राहिलो. भाऊ, माझी चूक झाली, हे फार साधं वाटलं. भाऊ, मला वाटलं तुम्ही घरी गेलात, यात मी सुटायला बघत होतो. नकला करताना मला शब्द कधी कमी पडले नाहीत. ते सगळे दुसऱ्यांचे होते, हे त्या खाटेवर लक्षात आलं. शेवटी ठरवलं की सकाळी नुसते पाय धरायचे. जावयानं साळ्याचे पाय धरायची रीत नाही, पण धरायचे.

सकाळी भाऊ आम्हाला सोडायला अर्जुनीच्या स्टेशनावर आले. दरवर्षी येतात. बायको बाकावर वहिनींजवळ बसली, आम्ही दोघं जरा पुढे उभे राहिलो. गाडीला वेळ होता. मी दोन वेळा तोंड उघडलं. आजूबाजूला मंडईहून परतणारे पाहुणे होते, त्यातल्या एकानं आम्हाला ओळखलं आणि लांबूनच, "वा, क्या जोडी है," असं म्हणत हात केला. भाऊंनी त्याला हात केला. पाय धरायचं राहून गेलं. लोकांसमोर मला लाज वाटली.

मग भाऊ माझ्याकडे वळले. लकवा झाल्यापासून ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. ओठ हलायला लागले तसा मी दुसरीकडे बघू लागलो, आणि पुन्हा त्यांच्याकडे बघितलं. शब्द यायला वेळ लागला.

"माही... नक्क... नक्कल..." ते म्हणाले. "जम्... जमली का?"

ते मला वाचवत होते की त्यांना खरंच तसं वाटून घ्यायचं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चूक झाली म्हणायची ती वेळ होती. गाडी आलेली नव्हती, ते माझ्याकडे बघत होते, मी काय म्हणतो ते ऐकायला थांबले होते.

"जमली, भाऊ," मी म्हणालो. "एकदम जमली."

त्यांनी मान हलवली. "मंग... पुढच्या... सालीई," ते म्हणाले, आणि ओठ परत मिटून घेतले.