अक्कांनी गाडी शिकायची ठरवली

त्यांना सगळे क्लचताई म्हणत. बावीस वर्षं त्या लोकांना मोटार चालवायला शिकवत होत्या आणि एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून सगळ्यात जास्त निघालेला शब्द तोच होता. "क्लच. क्लच म्हटलं मी. तो ब्रेक आहे, दादा." डॉक्टर, शिंपी, निवृत्त हेडमास्तर, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. ज्याला कुठेच जमलं नाही त्याला लोक सांगत, क्लचताईंकडे जा, त्या दगडालाही गिअर टाकायला लावतील.

घरात चार माणसं. नवरा शाळेत गणित शिकवायचा. मुलगी नववीत, बोलायला लागली की थांबायची नाही. आणि सासूबाई. सासूसुनेचं भांडण ऐकायला टपलेल्या शेजारणींची त्या घरानं निराशाच केली होती, कारण दोघी मिळून नवऱ्याचीच फिरकी घेत.

सासूबाईंची बहीण आजारी होती. एका शनिवारी तिघं तिला भेटायला निघाली. त्या दिवशी क्लचताईंच्या सात शिकाऊंची लायसन्सची परीक्षा होती, म्हणून त्या मागे राहिल्या. मुलगी खिडकीतून डोकं काढून म्हणाली, "आई, सगळे पास झाले तर बाहेर जेवायला जायचं. नापास झाले तरी जायचं."

सातही जण पास झाले. त्यांचे कागद हातात असतानाच फोन आला. तिघं घाट चढत असताना वरून येणाऱ्या ट्रकचे ब्रेक गेले आणि तो त्यांच्या गाडीवर आदळला होता. एका सकाळीत होत्याचं नव्हतं झालं.

त्यानंतर क्लचताईंनी क्लासचं शटर ओढलं आणि तिथल्या गाडीवर कापड टाकलं. लोक भेटायला येत, बसत, चहा घेत आणि जाताना म्हणत, "देवाची मर्जी." त्या काही फार देवभोळ्या नव्हत्या. रोज सकाळी दोन मिनिटं डोळे मिटायच्या, एवढंच. आता तेही बंद झालं. ही त्याची मर्जी असेल, तर त्याची आपली ओळख संपली, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. आणि एक विचार डोक्यातून जाईना. आपल्या शिकवायच्या गाडीत आपल्या पायाखालीही एक ब्रेक असतो. त्या ब्रेकवर आपण किती परक्यांचे जीव वाचवले. स्वतःच्या माणसांच्या वेळी आपण कुठे होतो?

चौथ्या महिन्यात नणंद येऊन थडकल्या. नवऱ्याची थोरली बहीण, बिनलग्नाची, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. बोलताना अजूनही पलीकडचा माणूस शंभर मैलांवर असल्यासारखा आवाज लावायच्या. दारात बॅग ठेवून म्हणाल्या, "तिकडे एकटीनं रडण्यापेक्षा इथे दुकटीनं रडू."

तेव्हा कुठे क्लचताईंच्या ध्यानात आलं, की त्याच दिवशी या बाईची आई, भाऊ आणि भाची गेली होती. चार महिन्यांत आपण त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, कशा आहात म्हणून.

अक्का सकाळी उठून खिडकीपाशी बसायच्या. डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. काही दिवस क्लचताईंनी ते पाहिलं. मग एकदा न राहवून बोलून गेल्या, "ज्यानं नेलं त्यालाच हात जोडता, अक्का?"

"जोडते कुठे? भांडते," अक्का म्हणाल्या. "आज तर चांगलं फैलावर घेतलं. पण भांडायला तरी समोर कुणी लागतं ना. तोही नाही म्हटलं, तर मी कुणाशी बोलू? तू तर तोंडातून शब्द काढत नाहीस."

क्लचताई उठून भांडी घासायला लागल्या.

आठव्या महिन्यात अक्कांनी बॉम्ब टाकला. "मला गाडी शिकव."

"या वयात?"

"त्या जागेवर जायचंय मला. तू नेणार नाहीस. बस तिथे थांबत नाही. मग माझी मीच जाईन."

दोन दिवस क्लचताईंनी चालढकल केली. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडीवरचं कापड काढलं. गाडीत बसताना तो फोन आठवला, पण शेजारी अक्का असल्यावर आठवत बसायला फार वेळ मिळत नाही. पहिल्याच आठवड्यात अक्कांनी शेजाऱ्यांच्या दोन कुंड्या फोडल्या आणि विजेच्या एका खांबाची रीतसर माफी मागितली. आरशात बघायला सांगितलं तर म्हणाल्या, "गाडी पुढे चाललीय, मी मागे कशाला बघू? मागच्याचं मागचा बघून घेईल."

क्लचताईंना हसू फुटलं. कित्येक महिन्यांनी आलेलं ते हसू त्यांना आवरेना आणि आवरता आवरता त्याचं रडणं झालं. अक्कांनी गाडी कडेला घेतली, म्हणजे रस्त्याच्या अर्ध्यावर घेतली, आणि इंजिन बंद केलं. मागचे हॉर्न वाजवत राहिले.

"हसलीस म्हणून कुणी रागावणार नाहीये," अक्का म्हणाल्या. "ती तिघं तरी कुठे गंभीर होती?"

अक्का परीक्षेत दोनदा नापास झाल्या. तिसऱ्यांदा परीक्षकानं पास केलं, ते कौशल्य पाहून की चिकाटीला कंटाळून, हे त्याचं त्यालाच ठाऊक.

वर्ष होऊन गेल्यावर, एका सकाळी दोघी निघाल्या. अक्का चालवत होत्या, क्लचताई शेजारी. घाट लागला तसा त्यांनी पाय ब्रेकवर नुसता टेकवून ठेवला. अक्कांनी वेग कमी ठेवला, एकदाही बडबड केली नाही आणि वळणाच्या अलीकडच्या मोकळ्या जागेत गाडी नीट थांबवली. तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं. नवा कठडा बसवलेला, त्याला ताजा रंग. चार कामगार कडेचं गटार साफ करत होते. त्यांचा मुकादम जवळ आला. साठीचा, उन्हानं रापलेला माणूस.

"गाडी बिघडली का, ताई?"

अक्कांनी कशासाठी आलो ते सांगितलं. मुकादमानं डोक्यावरची टोपी काढली.

"मी होतो त्या दिवशी," तो म्हणाला. "थोरली माणसं जागीच गेली. मुलगी होती वीसेक मिनिटं."

क्लचताईंना सगळी जागीच गेली असंच सांगितलं होतं. त्यांनी कठड्याला धरलं. "तिला कळत होतं?"

"थोडं थोडं. थंडी वाजते म्हणाली, मी माझा कोट घातला अंगावर. आई कुठे विचारलं, तर म्हणाली, आईची आज परीक्षा आहे. मला वाटलं, आई शिकत असेल." तो अडखळला. "दुखतंय असं नाही म्हणाली, ताई. माझा हात धरून होती. मला काय बोलावं सुचेना. लहानपणी माझ्या आईनं शिकवलेली प्रार्थना तेवढी येते मला, तीच म्हणत राहिलो. शेवटी तिचेही ओठ हलत होते. ॲम्ब्युलन्स आली तोवर ती गेली होती. हात मी सोडला नव्हता."

खाली दरीत कुठेतरी पाणी वाहत होतं.

"रोज कामावर येताना इथे थांबतो," मुकादम म्हणाला. "तिघांसाठी म्हणतो. नावं माहीत नाहीत, म्हणून नुसतं 'ती तिघं' म्हणतो. त्याला कळत असेल."

क्लचताईंनी त्याला तिघांची नावं सांगितली. त्यानं ती दोनदा म्हणून पाहिली, पाठ व्हावीत म्हणून. मग त्यांनी त्याचे हात हातात घेतले, खरबरीत, मातीनं माखलेले हात, आणि बराच वेळ सोडले नाहीत. वर्षभर त्यांना छळत होतं ते हेच, की शेवटच्या क्षणी आपण पोरीजवळ नव्हतो. पण ती एकटी नव्हती. आणि आपण पाठ फिरवून बसलो होतो त्या वर्षात, इथे या वळणावर एक अनोळखी माणूस रोज आपल्या माणसांची आठवण देवाच्या कानावर घालत होता.

परतीच्या वाटेवर घाट उतरून झाल्यावर क्लचताई म्हणाल्या, "अक्का, आज मी त्याच्याकडे काहीतरी मागितलं."

"काय मागितलंस?"

"त्या माणसाला सुखात ठेव म्हटलं."

अक्कांनी मान डोलावली आणि इंडिकेटर द्यायचा विसरून वळण घेतलं.

दुःख गेलं असं नाही. मुलीच्या खोलीचं दार उघडायला त्यानंतरही पाच महिने लागले आणि काही सकाळी मिटलेल्या डोळ्यांसमोर नुसता अंधारच असायचा. तरी त्या डोळे मिटून बसायच्या. घाटातून आल्यावर पुढच्याच महिन्यात क्लासचं शटर मात्र वर गेलं. अक्कांनी ओळखीपाळखीत दवंडी पिटली होती, की मला जमलं तर कुणालाही जमेल. पहिल्या तुकडीत पाच जणी आल्या, त्यातली सगळ्यात लहान बावन्न वर्षांची. क्लचताईंनी एकेकीकडे पाहिलं, किल्ली पुढे केली आणि विचारलं, "बोला, आधी कोण?"