दोन सेकंद आधी

रोज सकाळी काका कोमट पाण्यात मीठ घालून सात गुळण्या करत. सातवी थुंकली की मान वर करून एकदाच "हाऽऽ" असा स्वर लावत, तो कुठे चिरकत नाही ना हे ऐकत, आणि पेला उपडा घालत. वरच्या मजल्यावरच्या बाई त्या स्वरावर दूध तापत ठेवायच्या. त्यानंतर मात्र दिवसभर काका जवळजवळ बोलत नसत. जेवताना काही हवं असलं तर बोट दाखवत. दारावर कुणी आलं तर मानेनेच "या" म्हणत.

"माझ्याशी बोलायला यांचा घसा झिजतो," काकू म्हणायची. "त्या मेल्या बोक्याला मात्र तासभर शिव्या!"

बोका म्हणजे कुस्तीच्या खेळातला खलनायक. अंगाने कपाटाएवढा, काळा मुखवटा, मुखवट्याला दोन कान. काकांचं काम त्याला शिव्या देण्याचं होतं. ते कुस्तीच्या कंपनीत नोकरीला होते, पण रिंगमध्ये कधी चढले नाहीत. कंपनीच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसून गावोगाव जात, हॉलच्या अलीकडच्या चौकात उतरत, तिकीट दाखवून चारचौघांसारखे आत शिरत आणि पहिल्या रांगेत, डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसत. खेळ सुरू झाला की पहिला आवाज त्यांचा. तो ऐकून मागच्या चार जणांना धीर येई, त्यांच्यामागून चाळीस जणांना, आणि बघता बघता अख्खा हॉल उठे. कंपनीत त्यांना सगळे ठिणगी म्हणत. एकदा कुठल्याशा सरकारी अर्जावर व्यवसायाच्या रकान्यात काकूने "प्रेक्षक" असं लिहिलं, तर कारकुनाने अर्ज परत केला.

मी लहानपणी एकदाच त्यांना कामावर पाहिलं. घरातला तो मुका माणूस खुर्चीवर उभा होता. डोक्यावर कधी न पाहिलेली टोपी, हातात काकूची निळी छत्री. छत्री बोक्यावर रोखून ते ओरडत होते, "अरे ए, लबाडा! पंचाचे डोळे काय गहाण पडलेत का?" मानेच्या शिरा तटतटल्या होत्या. चेहरा इतका सुखी की मला कसंतरीच झालं.

खेळ संपल्यावर बसमध्ये बोका मुखवटा काढून शेजारी येऊन बसला आणि काकांना खडीसाखरेचा खडा दिला.

"ठिणगी, आज माझ्या आईचा उद्धार नाही केलास? काही चुकलं का माझं?"

"तिची तब्येत बरी नाही म्हणालास ना," काका कुजबुजले. "म्हणून आज सोडलं."

सव्वीस वर्षं हे चाललं. कुस्त्या ठरवलेल्या असतात हे पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यापासून शेवटच्या पोरापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं, पण झाकली मूठ कुणी उघडत नव्हतं.

मग कंपनीच्या मालकांनी खेळ एका ॲपला दिले. महिन्याची वर्गणी भरायची आणि हवं तेव्हा पाहायचं. आठ गावांतले आठ खेळ चित्रित झाले आणि एकाच दिवशी सगळे ॲपवर आले. तेव्हा काका खुशीत होते. आपण आता जगभर ओरडणार, असं त्यांनी काकूला चक्क बोलून सांगितलं.

गावोगावचे लोक वर्षातून एकदा खेळ पाहायचे. शेजारच्या गावात काल तिसऱ्या खुर्चीवर कोण होतं, हे त्यांना कळायची सोयच नव्हती. आता लोक घरी बसून आठही खेळ एका दमात पाहू लागले. पहिल्या भागात लाल टोपी, दुसऱ्यात स्वेटर, तिसऱ्यात चष्मा, आणि आठही भागांत तीच निळी छत्री. टोप्या बदलायचं काका कधी विसरले नाहीत. छत्री बदलायला हवी हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. "छत्रीवाले आजोबा शोधा" असा लोकांनी खेळच सुरू केला. त्याला काका हसले.

पण कुणीतरी तिसऱ्या भागातला एक तुकडा कापून सगळीकडे पाठवला. बोका वाकतो, रिंगच्या कापडाखालून लोखंडी खुर्ची ओढून काढतो. पण त्याचा हात कापडापाशी पोचायच्या आधीच डाव्या कोपऱ्यात काका उभे आहेत, छत्री रोखलेली आहे आणि ते ओरडताहेत, "खुर्ची! अरे मागे बघ, खुर्ची!" तुकड्याखाली लिहिलं होतं: "आजोबांनी स्क्रिप्ट वाचलीय." लाखो लोक हसले. दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्यात कुणाचातरी मोबाइल ओरडत होता, "अरे मागे बघ!"

ॲपच्या कंपनीतून एक बाई आल्या. मालकांच्या खोलीत काकांना बोलावणं आलं. बाईंनी टॅबवर तो क्षण थांबवून दाखवला.

"काका, तुम्ही दोन सेकंद आधी ओरडलात."

"हो," काका म्हणाले. "दोनच."

"चूक झाली ना पण?"

"चूक कसली? हॉल पेटायला दोन सेकंद लागतात. मी खुर्ची दिसल्यावर ओरडलो तर लोक खुर्ची डोक्यात बसल्यावर ओरडतील. आवाज आणि खुर्ची एकदम वर यायला पाहिजेत. हॉलमध्ये कुणी माझ्याकडे बघत नाही हो."

"ॲपवर बघतात ना. पॉज करून बघतात."

"म्हणजे?"

"म्हणजे कुस्ती मध्येच थांबवतात."

"थांबवतात? आणि मग काय करतात?"

"चहा करून आणतात."

काका बराच वेळ टॅबवरच्या स्वतःकडे पाहत राहिले. तोंड उघडं, छत्री वर, आणि आवाज नाही. यापुढे तुम्ही हॉलमध्ये नको, असं बाई म्हणाल्या. काकांनी तिसरी खुर्ची तेवढी राहू द्या म्हणून विनवलं. छत्री नको, टोपी नको, गप्प बसेन हवं तर. मालक चांगले होते. त्यांनी बाईंना विनंती करून एक संधी मिळवून दिली: पुढच्या चित्रीकरणात खुर्ची दिसल्यानंतरच ओरडायचं.

काका आठवडाभर घरी सराव करत होते. काकू पाटाखालून लाटणं काढायची आणि काका ते दिसेपर्यंत दात आवळून थांबायचे. दहातल्या आठ वेळा तोंड आधीच उघडायचं.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," काकू म्हणायची. "पुन्हा!"

चित्रीकरणाच्या दिवशी काका थांबले. बोका वाकला, खुर्ची बाहेर आली, आणि मगच ते ओरडले. हॉलला तो आवाज पोचेपर्यंत बोका दोन्ही हातांनी खुर्ची डोक्यावर धरून गप्प उभा होता. शेजाऱ्याची खुर्ची परत द्यायला यावं आणि दाराला कुलूप असावं, तसा. मागून कुणीतरी खुदकन हसलं. हॉल उठला तेव्हा खुर्ची मारून झाली होती आणि समोरचा पैलवान आडवा होता.

त्या दिवशी बसमध्ये बोका आपल्या जागेवरच बसून राहिला. उतरताना एवढंच म्हणाला, "गार होतं रे आज सगळं."

पुढच्या खेपेपासून हॉलच बंद झाले. कुस्त्या एका स्टुडिओत होऊ लागल्या. रिंगच्या चारही बाजूंना काळे पडदे, त्यांवर मागाहून संगणकाने माणसं चिकटवायची. काकांना एका सकाळी तिथे बोलावलं. काचेच्या छोट्या खोलीत, कानांवर हेडफोन लावून, त्यांनी त्रेचाळीस आरोळ्या दिल्या. "लबाडा!" हळू, मध्यम, जोरात. "मागे बघ!" पाच प्रकारे. काचेपलीकडचा माणूस अंगठा वर करायचा. काकांनी विचारलं, बोका कुठे उभा आहे असं समजू? तो म्हणाला, कुठेही. शेवटी एका कागदावर सही झाली आणि काका दुपारच्या जेवणाला घरी आले. मग त्यांना कधीच बोलावणं आलं नाही, आणि बोलवायचं कारणही उरलं नव्हतं.

बोका एकदा घरी आला होता. मुखवट्याशिवाय तो एखाद्या शाळेतल्या मास्तरांसारखा दिसायचा. सोबत खडीसाखरेची पुडी होती. ती पुढे बरेच दिवस तशीच पडून होती.

"तुझाच आवाज येतो रे, चारी बाजूंनी," तो म्हणाला. "म्हणजे मागाहून घालतात. मी मारतो तेव्हा तिथे पंख्याची घरघर असते. कुणावर चिडू तेच कळत नाही."

"वेळेवर येतो का?" काकांनी विचारलं.

"कोण?"

"माझा आवाज."

"बरोब्बर. एक क्षण इकडेतिकडे नाही."

काकांनी मान हलवली. बोका वर्षअखेरीस काम सोडून भावाच्या गावी गेला. मुखवटा दुसऱ्याला दिला. लोकांना काही फरक कळला नाही.

गुळण्या कधी बंद झाल्या ते काकूलाही सांगता आलं नाही. एकदा वरच्या बाई खाली येऊन विचारून गेल्या, सगळं ठीक आहे ना, म्हणून. घसा जपायचं कारण संपलं, तरी काका बोलू लागले नाहीत. आम्हाला वाटलं होतं की आता बोलतील. काकूने तर सव्वीस वर्षांचं काय काय साठवून ठेवलं होतं. ती समोर बसून भाजी निवडत सांगत राहायची आणि काका ऐकत. एखाद्या वाक्याला हसायचे, पण तेही थोडे आधीच, वाक्य पुरं व्हायच्या आत.

त्या वर्षी थंडी लवकर पडली. मी भेटायला गेले होते. काका खिडकीजवळच्या पलंगावर पडून होते, पाय शालीत, डोळे मिटलेले. ताप उतरला होता. डॉक्टर काळजीचं काही नाही म्हणाले होते. वरच्या मजल्यावरच्या बाईंकडे सुट्टीला नातवंडं आली होती, आणि त्यांनी टीव्हीवर ॲप लावलं होतं. उघड्या खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. आधी घंटा. मग पैलवानाच्या बुटांचे ठोके. मग एकदम शंभर काका, एकाच आवाजात, "लबाडा! लबाडा!" पोरं वर उड्या मारत होती, आमच्या छताचा दिवा हलत होता.

काकूने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगा सोलू लागली. मला वाटलं, काका झोपले असावेत. वर क्षणभर सगळं शांत झालं. काकांचा हात शालीतून बाहेर आला, बोटं मिटली, आणि त्यांनी तोंड उघडलं. आवाज मात्र आला नाही. मी मनात मोजलं. एक, दोन. आणि वरून त्यांचा पूर्वीचा, सणसणीत आवाज आला, "मागे बघ! अरे, खुर्ची!"

काकांनी डोळे उघडले. हात पुन्हा शालीत गेला. दुसऱ्या दिवशी पहाटे काकूला ते गेलेलेच दिसले. आदल्या दुपारनंतर त्यांनी काही मागितलं नव्हतं, बोटही दाखवलं नव्हतं. म्हणजे त्या दुपारी काकूकडे वळून ते म्हणाले तेवढंच शेवटचं.

"खिडकी लावून घे गं, गार लागतंय."