सहा तुकडे, चौथ्यावर जोर

माझी आत्या टेलिफोनवर बोलणाऱ्या मुलींना इंग्रजी शिकवायची. ऑफिसात तिला सगळे ठोकेबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. हातात कायम स्टीलची पट्टी. शब्दाचे जेवढे तुकडे, तेवढे टेबलावर ठोके. जोर असेल तिथला ठोका मोठा. चुकलं की तोच मोठा ठोका बोटांवर. तिच्या हाताखालून गेलेल्या मुली नोकरीत टिकत, म्हणून साहेब लोक तिला डोक्यावर घेऊन नाचायचे.

बाबा गेले आणि आईने तिथेच अर्ज केला. आत्याला ते झोंबलं. भावाची जेमतेम शिकलेली बायको आपल्या शेजारच्या खुर्चीत! "ये परीक्षेला. पण नात्याची सूट नाही हं," ती म्हणाली.

आई रोज स्वयंपाकघरात शब्द चिरायची. गाजरावर सुरी ठेवून रिस्पॉन्सिबिलिटी: री, स्पॉन, सि, बि, लि, टी. सहा तुकडे, चौथ्यावर सुरी खाडकन. महिनाभर आम्ही गाजरंच खाल्ली. पण मी कधीही विचारावं, आईची एक चूक नाही. मी हे कौतुकाने आत्याला जाऊन सांगितलं. नऊ वर्षांची होते, अक्कल कुठली!

परीक्षेच्या दिवशी मी बाहेर बाकावर बसले होते. दार उघडंच होतं. आईने बोटाने मांडीवर पहिला ठोका दिला, तोच आत्या म्हणाली, "हात मागे."

"वन्सं, हाताशिवाय मला..."

"फोनवर काय गाजरं चिरणार आहेस? हात मागे."

आईची जीभ दुसऱ्याच तुकड्यावर अडली. आत बसलेल्या मुली हसल्या. आधी आत्या हसली, मग त्या. आईला नोकरी मिळाली नाही. पुढे बावीस वर्षं तिने त्याच ऑफिसचे जिने पुसले.

गेल्या वर्षी आत्याला अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. तिला दुसरं कोणी नाही, म्हणून आई तिला घरी घेऊन आली. शेजारीपाजारी आईचे गोडवे गाऊ लागले. डॉक्टर म्हणाले, चांगल्या हाताने ठोके देत बोलू द्या, शब्द फुटेल. आत्याला ते काय नवीन! आठवड्याभरात ती खाटेच्या कडेवर डावी बोटं आपटून मागू लागली: पा, णी.

काल दुपारी तिने अशीच बोटं उचलली. आई समोर पेला घेऊन उभी होती. तिने पेला खिडकीत ठेवला, आत्याचा हात अलगद धरला आणि तिच्या पाठीमागे सरकवून दाबून ठेवला.

"हात मागे, वन्सं. आता म्हणा."

आत्याचे ओठ नुसतेच हलत राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं. मला दया यायला हवी होती. मी दार ओढून घेतलं.