अर्धवट झोपलेली झाडं

माझ्या काकूचं माहेर शहरातलं. लग्न होऊन आली तेव्हा सफरचंदाचं झाड कुठलं आणि नाशपातीचं कुठलं, हे तिला फळ लागल्याशिवाय कळत नसे, असं काका अजूनही चारचौघांत सांगतात. काकू हसते. आज आसपासच्या बागांत कलम बांधायचं असलं की बोलावणं तिलाच येतं. पण ती हे काही हौसेने शिकली नाही.

बाग आजोबांची, म्हणजे तिच्या सासऱ्यांची. त्यांनी मुख्य जातीच्या झाडांमध्ये अधूनमधून दुसऱ्या जातीची झाडं लावली होती, कारण सफरचंदाला फळ धरायला दुसऱ्या जातीचा पराग लागतो. दोन्ही जाती एकदम फुलायच्या, मधमाश्या इकडून तिकडे करायच्या, काम व्हायचं.

मग हिवाळे कोमट होऊ लागले. लोकरीचे कपडे पेटीतच राहू लागले. सफरचंदाला हिवाळ्यात भरपूर थंडी लागते. ती मिळाली नाही तर झाड धड झोपतही नाही आणि धड जागंही होत नाही. एका फांदीवर फुलं, तर शेजारची नुसती काटकी. एक जात फुलून गळून गेली, तेव्हा कुठे दुसरीच्या कळ्या उमलल्या. फळं म्हणाल तर नावाला.

पहिल्या वर्षी आजोबांनी मधमाश्यांना बोल लावला. दुसऱ्या वर्षी खताला. तिसऱ्या वर्षी बोल लावायला कुणी उरलं नाही, तेव्हा काकूने कंबर कसली.

त्या वर्षी तिने उंचावरच्या थंड बागेतून फुललेल्या फांद्या आणल्या आणि पाण्याच्या बादल्यांत घालून झाडांना टांगल्या.

"अगं, लग्न आहे की काय बागेत?" शेजारणीने कुंपणावरून विचारलं.

"या झाडांचंच आहे," काकू म्हणाली. "मुहूर्त जुळत नव्हता, म्हणून नवरे बाहेरून आणलेत."

थोडी फळं धरली. पण दरवर्षी बादल्या कुठवर टांगणार? रोपवाटिकावाल्याकडे कमी थंडीवर भागवणाऱ्या जाती होत्या. काकू त्याच्याकडे जाऊन कलम बांधायला शिकली, आणि एका सकाळी चहा देताना आजोबांना म्हणाली, "बाबा, पंपघराजवळची एक ओळ द्या मला."

"काय करणार?"

"वरून कापून नव्या जातीच्या काड्या बांधणार. मुळं तीच राहतील."

"मुंडकी उडवणार म्हण की सरळ."

"हो," काकू म्हणाली. "उडवणार."

आजोबांनी कप खाली ठेवला. तिने गोड बोलून पटवायला पाहिलं असतं, तर बहुधा नाहीच म्हणाले असते. "एकच ओळ," ते म्हणाले आणि उठले.

करवत चालली त्या दिवशी आजोबा खिडकी लावून, रेडिओ मोठा करून खोलीत बसले. दुपारी रेडिओ बंद झाला आणि ते बाहेर आले. काकू खोडाच्या चिरेत काडी बसवून पट्टी गुंडाळत होती.

"इतकी सैल? काडी हलली की संपलंच."

"मला दोनच हात आहेत, बाबा. तुम्ही धरा ना."

त्यांनी काडी धरली. मग पुढच्या झाडाचीही धरली. काका चहा घेऊन आले, दोघांना बघून किटली तिथेच ठेवून मागच्या मागे सटकले.

काही काड्या वाळल्या, बाकीच्या जगल्या. पुढे त्यांना फळं लागली. ती लहान होती, टिकायची कमी. व्यापाऱ्याने नाक मुरडलं. रस काढणाऱ्या कारखान्याने घेतली. आजोबांनी एक फोड खाल्ली आणि म्हणाले, "आंबट आहे." मग दुसरी उचलली. त्या हिवाळ्यात त्यांनी आपणहून शेजारची ओळ दाखवली.

सगळं सुरळीत झालं असं नाही. नवी जात लवकर फुलते, आणि एका वर्षी अचानक पडलेल्या, गोठवणाऱ्या दहिवराने तिचा सगळा फुलोरा काळा पडला. नेमकी तेव्हा जुनी जात तगली, कारण ती अजून उमललीच नव्हती. तेव्हापासून काकू कुणालाही अख्खी बाग बदलू देत नाही. आता बागेत तीन जाती आहेत. एक रुसली तरी दुसरी हात देते.

हल्ली ती दुसऱ्यांच्या बागांत कलमं बांधायला जाते तेव्हा आजोबाही टेम्पोत तिच्या शेजारी बसतात. त्यांची नजर आता अधू झाली आहे, पण काडी ते अजून घट्ट धरतात.