सिस्टरांचं राहतं पाणी

ज्या काचेच्या टाकीत एकही मासा नव्हता, त्या टाकीला सिस्टर रोज सकाळी माशांच्या खाद्याचे चिमूटभर दाणे घालत. दाणे पाण्यावर तरंगत, फुगत, तळाला जात, आणि सिस्टर खुर्चीत बसून ते पाहत राहत. बालाघाटच्या कॉलेजात नोकरी लागली म्हणून मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहत होते. एकदा न राहवून विचारलं, "सिस्टर, हे खातं कोण?"

"पानी खाते," त्या म्हणाल्या. "येनाऱ्याईसाठी तयार होऊन राह्यलं ते."

मलाजखंडच्या दवाखान्यात नर्स म्हणून त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन इथे बालाघाटला घर बांधलं, तरी सिस्टर सोडून नावाने त्यांना कोणी हाक मारत नसे. नवरा लवकर गेला होता, मुलगा मिलिंद हैदराबादला. रविवारी व्हिडिओ कॉल येई. त्यात एकदा सात वर्षांच्या नातवाने विचारलं, "दादी, आपके घर में करने को क्या है?" सिस्टरांनी फोन इकडेतिकडे फिरवला. पलंग, फ्रीज, बुद्धांचा फोटो, मी. पोराने जांभई दिली. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दिवाळीच्या सुट्टीत तो येणार होता, आणि त्याने पुन्हा यावं एवढंच त्यांना हवं होतं.

त्याच्यासाठी मासे पाळायचं त्यांनी ठरवलं. टाकी मिळाली ती बदली होऊन चाललेल्या एका इंजिनिअरकडे. तो भला माणूस टाकीची लांबीरुंदी सांगत होता, तर सिस्टरांनी त्याला मध्येच अडवलं, "आधीचे मासे कशानं गेले?" जुन्या पेशंटची हकिगत विचारावी तसा सूर. मासे गेले नाहीत, मित्राला दिले, चांगले आहेत, हे त्याने दोनदा सांगितल्यावरच त्यांनी काचेला हात लावला.

घरी आणल्यावर मला वाटलं, आता पाणी भरायचं आणि मासे सोडायचे. छे. टाकी अंगणात, सपाट फरशीवर थर्माकोल, त्याच्याभोवती कोरडी वर्तमानपत्रं, आणि काठोकाठ पाणी. सकाळी एका कोपऱ्यातलं वर्तमानपत्र ओलं निघालं. मी म्हटलं, बाहेरून काहीतरी लिंपून टाकू. "पुवावर पट्टी नाही बांधत, पोरी." मग टाकी रिकामी करून वाळवली, आतली जुनी चिकट शिवण ब्लेडने पूर्ण खरवडली, आणि बुरशीचं औषध नसलेलं साधं सिलिकॉन भरून आठवडाभर तशीच ठेवली. पुन्हा भरून पाहिली, तेव्हा कागद कोरडे राहिले. काचेवरचे पांढरे डाग त्यांनी व्हिनेगरने काढले. साबणाची वडी घेऊन मी मदतीला गेले, तर माशांना विष घालायला निघाल्यासारखं माझ्याकडे पाहिलं, आणि मी वडी घेऊन तशीच परत फिरले. फिल्टरच्या वायरलाही बटणाकडे जाण्याआधी खाली झोळ दिला, म्हणजे ओघळलेलं पाणी तिथूनच टपकावं.

एवढं करूनही मासे नाहीतच. दाताच्या डॉक्टरांकडे जुनी, निरोगी माशांची टाकी होती. तिथला मळका स्पंज त्या ओल्या पिशवीतून घेऊन आल्या आणि आपल्या फिल्टरमध्ये बसवला. "हे विरजण हाय," म्हणाल्या. माशांची घाण पचवणारे जीव त्या मळात असतात, आणि मासे येईपर्यंत त्यांनाही खायला लागतं. म्हणून ते दाणे. "साफ पानी येगळं अन् राहतं पानी येगळं. ज्याच्यात कोनीच राहत नाही, ते पानी लई साफ असते."

शेजारच्या वंदनाबाईंना मात्र हे बघवेना. कोणाकडे रिकाम्या हाताने जाऊ नये ही आपल्याकडची रीत, आणि एकट्या बाईच्या घरात रिकामी टाकी म्हणजे तर फारच झालं. पौर्णिमेला सिस्टर विहारात गेल्या असताना त्या बाजारातून दोन सोनेरी मासे घेऊन आल्या आणि मी अंघोळीहून बाहेर येईपर्यंत टाकीत सोडूनही मोकळ्या झाल्या. सिस्टर परतल्या. वेळी-अवेळी पाणी बदलत राहिल्या, पण मासे वाचले नाहीत. पेरूखाली त्यांना पुरताना मी वंदनाबाईंवर चिडले, तर सिस्टर म्हणाल्या, "तिनं मायेनं टाकले ना. पन मायेनं टाकले तरी मरतेत."

दुसऱ्या दिवशी पुन्हा दाणे सुरू. आता वंदनाबाई खरंच घाबरल्या. मासे मेल्याच्या धक्क्याने सिस्टरांचं डोकं फिरलं असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी हैदराबादला फोन केला. "मिलिंदभाऊ, आई रिकाम्या टाकीले जेवू घालून राह्यली. काहीतरी करा." हेही मायेनंच.

दिवाळीची वाट न पाहता मिलिंद एकटाच आला, त्या सकाळी टाकी तयार झाली होती. सिस्टरांनी छोट्या गप्पी माशांची पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली होती आणि वाटीने थोडं थोडं टाकीचं पाणी तिच्यात घालत होत्या. तो दारातून म्हणाला, "आई, सामान भर. तू एकटी नको राहू आता." त्यांनी वर पाहिलं नाही. "थांब. एकदम नाही सोडत." त्याला वाटलं, माशांबद्दल बोलतेय. मलाही तेव्हा तसंच वाटलं.

त्याला सगळं समजावून सांगितलं मी, स्पंज, विरजण, दाणे. त्याला पटलंही असेल. पण तिकिटं काढून झाली होती, आणि आईला घेऊन जायचं त्याने किती दिवस मनात ठेवलं होतं कुणास ठाऊक. दुपारच्या गाडीने सिस्टर गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "काच फुटली तर दुसरी भेटते. स्पंज नळाखाली धुवू नको, विरजण मरते." बस्स. घर इतकं रिकामं झालं की माझ्याच चपलांचा आवाज मला नकोसा वाटे.

गप्पींना पिलं झाली. सिस्टर फोनवर मासे कसे आहेत असं कधीच विचारत नाहीत. विचारतात, "पानी कसं हाय?" बरं आहे म्हटलं की त्यांचं समाधान होतं. नातू शाळेतून क्लासला जातो, क्लासमधून पोहायला. दादीच्या खोलीत तो फारसा येत नाही, हे त्या तक्रार म्हणून सांगत नाहीत.

परवा मीच विचारलं, "सिस्टर, तुमच्याकडचं पाणी कसं आहे?"

"साफ हाय, पोरी," त्या म्हणाल्या. "लई साफ हाय."